कामाआधी भाव, कामानंतर तपासणी: मुलांच्या घरच्या कमाईबद्दल वाचकांचे प्रश्न

दिवाळीची चाहूल लागली की मुलांना पैशांची गरज सुचते आणि आमच्याकडे त्या विषयाची पत्रं वाढतात. या वेळी घेतलेली सगळी पत्रं नाशिक शहरातली आहेत. उत्तरांतले भाव हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. आपल्या भागातला भाव विचारावा आणि आकडे बदलून घ्यावेत.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. "बाटल्या भरल्या, दहा रुपये दे, ताट उचललं, पाच दे" असं सुरू झालंय. सासूबाई म्हणतात, घरच्या कामाचे पैसे कसले? हे म्हणतात, द्यायला काय हरकत आहे. नक्की काय करावं? (गृहिणी, इंदिरानगर)

सासूबाईंचं बरोबर आहे, पण अर्धंच. स्वतःचं ताट, स्वतःचं अंथरूण, दप्तर, घरातल्या पाण्याच्या बाटल्या यांना भाव नाही, कारण ती घरात राहण्याची कामं आहेत. पैसे द्यायचे ते अशा कामाला, जे एरवी तुम्ही सुट्टीचा वेळ मोडून केलं असतं किंवा बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतलं असतं. चौथीतल्या मुलाला झेपतील अशी कामं म्हणजे मटार सोलणं, लसूण सोलणं, चपलांचा स्टँड, पुस्तकांचं कपाट, खिडकीच्या डासांच्या जाळ्या.

भाव तासावर ठरवू नका. तासावर ठरवला की काम रेंगाळतं, आणि मग तुम्ही ओरडता. वजनावर किंवा नगावर ठरवा. मटारला किलोमागे ठरावीक रक्कम, आणि सोलून झाल्यावर दाणे काट्यावर ठेवायचे. चांगल्या भरलेल्या किलोभर शेंगांतून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम दाणे निघतात. ३०० च निघाले तर शेंगा पोचट होत्या, नाहीतर दाणे पोटात गेले. पोटात गेलेल्यांचा दंड करू नये असं आमचं मत आहे.

"झालं" म्हणजे काय, हे आधी सांगावं लागतं. भांडणं बहुतेक इथेच होतात. जाळीचं उदाहरण घ्या. जाळी आधी कोरड्या ब्रशनं दोन्ही बाजूंनी झाडायची, मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसायची. थेट ओलं फडकं लावलं तर धुळीचा चिखल होऊन भोकांत बसतो आणि जाळी आधीपेक्षा काळी दिसते. तपासणी एवढीच : शेवटी पांढरं ओलं फडकं फिरवलं तर ते काळं होता कामा नये. फडकं काळं झालं तर पैसे नाहीत असं नाही, काम पुन्हा करायचं.

पैसे त्याच दिवशी, रोख आणि सुटे द्या. "नंतर देते" दोनदा झालं की मुलाचा त्या कामावरचा विश्वास उडतो आणि पुढच्या वेळी तो आधी पैसे मागतो. आठवड्याला दोन किंवा तीन कामांची मर्यादा ठेवा. पंखे, माळा, शेगडी आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीची बाहेरची बाजू यांना कधीच भाव लावू नका. भाव लावला की मूल तुम्ही घरात नसताना स्टुलावर चढतं. परीक्षेच्या गुणांना पैसे लावावेत का, असंही तुम्ही विचारलं आहे. लावू नयेत.

प्रश्न : मी सातवीत आहे. मला स्केटिंगचे बूट घ्यायचे आहेत. पणत्या रंगवून बिल्डिंगमध्ये विकायच्या ठरवल्या आहेत. मागच्या वर्षी मैत्रिणीनं विकल्या, तेव्हा रंग निघाला म्हणून काही जणींनी परत आणून दिल्या. काय काळजी घेऊ? (विद्यार्थिनी, जेल रोड, नाशिकरोड)

रंग का निघाला याची कारणं बहुतेक वेळा दोन असतात : पणती आतून ओली होती किंवा रंग पोस्टर कलर होता. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्यात विरघळतो, ओला हात लागला की सुटतो. पणतीला अ‍ॅक्रेलिकच हवा. तो एकदा वाळला की पाण्यानं निघत नाही.

पणत्या जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातून किंवा नवरात्रात रस्त्यावर बसणाऱ्यांकडून साध्या, न रंगवलेल्या घे. प्रत्येक पणती नखानं वाजवून बघ. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द आवाज आला तर तडा आहे, मग तो दिसो वा न दिसो. तळ टेकवून बघ, डुगडुगणारी पणती तेल सांडते. घरी आणल्यावर धुऊन एक पूर्ण दिवस उन्हात ठेव, आभाळ असेल तर दोन दिवस. मातीच्या आत पाणी राहिलं तर ते बाहेर पडताना रंगाखाली फुगे आणतं आणि पापुद्रे सुटतात. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं बाहेरची बाजू हलकी घासून कोरड्या फडक्यानं पूस. धूळ राहिली तर रंग धुळीला चिकटतो, पणतीला नाही.

बाहेरून एक हात पातळ अ‍ॅक्रेलिकचा, तासाभरानं दुसरा हात, मग नक्षी. चोचीचा भाग आणि आतली बाजू कोरी सोड. वात तिथे टेकते, रंग जळतो आणि वास येतो. नक्षीला ब्रशपेक्षा काडेपेटीच्या काडीची मागची बाजू बरी : एका मापाचे ठिपके येतात आणि हात थरथरला तरी चालतं. कुंदन, टिकल्या चोचीपासून लांब, खालच्या अंगालाच लाव. कागद आणि लोकर तर मुळीच नको असं आम्ही म्हणू, कारण वारा आला की ज्योत आडवी होते.

एक गोष्ट विकतानाच सांग. माती तेल पिते, आणि काही तासांनी बाहेरून काळपट डाग उमटतो. हा तुझा दोष नाही, पण सांगितलं नाहीस तर दोष तुझाच ठरतो. म्हणून पांढरा किंवा फिका पिवळा तळरंग टाळ. मरून, गडद निळा, विटकरी यांवर डाग दिसत नाही. आत मेण भरून विकलीस तर हा त्रास बराच कमी होतो, कारण विझल्यावर मेण पुन्हा घट्ट होतं. पण मेण वितळवणं हे आईचं किंवा बाबांचं काम, तुझं नाही. पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, त्यात मेण. थेट गॅसवर ठेवलेलं मेण पेट घेऊ शकतं, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं तर भडका उडतो. पेटलंच तर गॅस बंद करून झाकण घालायचं. लहान पणतीत १५ मिलिलिटर मेण मावतं असं धर, म्हणजे किलोभर मेणात सत्तरेक पणत्या होतात. थंड होताना मेण आकसतं आणि वातीभोवती खड्डा पडतो. म्हणून थोडं मेण राखून ठेवायचं आणि वरची साय धरली की दुसऱ्यांदा ओतायचं.

आता हिशेब, मेण न भरलेल्या पणत्यांचा. समज, ६० पणत्या ३ रुपयांप्रमाणे १८० रुपये, रंगाच्या चार बाटल्या १६०, ब्रश ६०, पॉलिश पेपर १०. सहा पणत्या तडकलेल्या, पडलेल्या, बिघडलेल्या धर. राहिल्या ५४. चारचा एक बॉक्स केला तर १३ बॉक्स आणि दोन पणत्या तुमच्या तुळशीला. बॉक्स ८ रुपयांप्रमाणे १०४. एकूण खर्च ५१४. बॉक्स ८० रुपयांना गेला तर हातात १,०४०, म्हणजे तुझे ५२६.

आता वेळ मोज. एका पणतीला २० मिनिटं लागली तर ५४ पणत्यांना १८ तास, म्हणजे तासाला साधारण २९ रुपये. नक्षी नाजूक केलीस आणि ४० मिनिटं लागली, तर तासाला १५ सुद्धा नाहीत, आणि बॉक्स तर ८० लाच जाणार. तेव्हा दोन नक्षी ठरव, त्याच सगळ्या पणत्यांवर काढ. एका दिवशी फक्त तळरंग, दुसऱ्या दिवशी फक्त ठिपके असं केलंस की वेळ बराच वाचतो.

ऑर्डर नवरात्रात घे, नमुन्याच्या चार पणत्या दाखवून. रंगकाम कोजागिरीपर्यंत संपव आणि वसुबारसेच्या आधी घरोघरी पोचव. धनतेरसच्या संध्याकाळी विकायला निघालीस तर लोकांची खरेदी झालेली असते, आणि उरलेल्या पणत्या पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर.

प्रश्न : नातू सहावीत आहे. गॅलरीत मेथी-कोथिंबीर लावून शेजाऱ्यांना विकायची म्हणतो. जमेल का? (आजोबा, मखमलाबाद रोड, पंचवटी)

उगवेल, पण विकायला जाऊ नका. नाशिकला आसपासच्या गावांतून पालेभाजी येते आणि आवक वाढली की जुडीचा भाव इतका कोसळतो की गॅलरीतल्या कुंडीला घातलेल्या पाण्याचेही पैसे सुटणार नाहीत. त्यात कोथिंबिरीला ४० ते ४५ दिवस लागतात. धणे लाटण्यानं हलके रगडून त्यांच्या दोन फाकी कराव्या लागतात, अख्खे पेरले तर उगवण विरळ होते, आणि उन्हाळ्यात पानं येण्याआधीच तुरे येतात. घरच्या भाजीपुरतं ठीक आहे.

नातवाला रोपं करायला लावा. रोप दुधाच्या पिशवीत होतं, पिशवी फुकट, आणि एका आईझाडापासून वर्षभर माल मिळतो. तीन प्रकारची रोपं घ्यावीत : पानओवा, गवती चहा आणि तुळस.

पानओवा सगळ्यांत सोपा. चार बोटं लांबीची फांदी पेराच्या खाली कापायची, खालची पानं काढायची, दोन पेरं मातीत जातील अशी खोचायची आणि सावलीत ठेवायची. १० ते १५ दिवसांत मुळं धरतात. गवती चहाचं बेट असेल तर मुळासकट एकेक काडी सुटी करून, पानं वितभर ठेवून लावावी. पानं न कापता लावली तर मुळं नव्या मातीत धरण्याआधी पानांतून पाणी उडतं आणि काडी वाळते.

तुळशीला वेळेचं गणित आहे. तुळशीविवाहाला, म्हणजे कार्तिकात, रोपाला मागणी असते, आणि वितभर रोपाला दीड ते दोन महिने लागतात. बी जुलै-ऑगस्टमध्येच पडायला हवं. वाळलेली मंजिरी तळहातावर चोळून बारीक बी मातीवर पसरायचं आणि वर फक्त चाळलेल्या मातीची धूळ. बी खोल गेलं तर उगवत नाही. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात, चार पानं आली की एकेक रोप पिशवीत. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी तुळशीला मानवत नाही, तेव्हा बी टाकून वाट बघत बसू नये.

आपली काळी माती एकटी वापरू नका. पाणी धरते, मग वाळली की भेगा पडून कोवळी मुळं तुटतात. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). अर्ध्या लिटरच्या पिशवीला तळाशी आणि बाजूला मिळून पाच-सहा भोकं पाडा. रोपं मरण्याचं पहिलं कारण पाणी कमी पडणं नाही, पाणी साचणं आहे. बोट पेरभर खुपसून ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. विकण्याआधी आठवडाभर रोपं हळूहळू उन्हात सरकवायची. सावलीतलं रोप नेऊन गिऱ्हाइकानं गच्चीवर ठेवलं तर दोन दिवसांत मान टाकतं आणि नातवाचं नाव खराब होतं.

कढीपत्त्याचं रोप सगळे मागतात, पण बियांपासून विकण्याजोगं व्हायला वर्ष जातं. मोठ्या झाडाच्या मुळांतून फुटलेली पिलं मिळाली तरच त्यात पडा.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र सोसायटीतल्या वीस घरांची रद्दी गोळा करून विकणार आहोत. किती मिळतील? (आठवीतले तिघे, कॉलेज रोड)

तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी. १६ पानी वर्तमानपत्राचा एक अंक ६० ग्रॅमच्या आसपास भरतो. महिन्याचे एका घरातून पावणेदोन-दोन किलो, वीस घरांचे ३६ ते ४० किलो. किलोला १२ रुपये धरले तर साडेचारशेच्या आसपास. त्यात घरमालकांना निम्मे द्यायचे ठरले तर तुमच्या तिघांत प्रत्येकी पंचाहत्तर. म्हणून आधीच विचारा : "रद्दी आम्ही खाली नेऊ, बांधू, विकू, पैसे तुम्हाला हवेत का?" बरेच जण नको म्हणतील, पण गृहीत धरू नका.

पैसे वाढतात ते वर्गवारीनं. वर्तमानपत्र, वह्यांचे पांढरे कागद, पुठ्ठा आणि गुळगुळीत मासिकं यांचे भाव वेगळे असतात. सगळं एकत्र दिलंत तर सगळ्यात कमी भाव लागतो. दहा-दहा किलोचे गठ्ठे सुतळीनं आडवे-उभे बांधा, त्याहून मोठा गठ्ठा जिन्यात सुटतो. पावसाळ्यात रद्दी पार्किंगमध्ये ठेवू नका. ओल धरली की दुकानदार वजनात कापतो, आणि ते त्याचं चुकत नाही.

काटा कसा तपासायचा? पाच लिटरचा कॅन पाण्यानं काठोकाठ भरून घेऊन जा. पाणी पाच किलो, कॅनचं वजन थोडं वर. हुकाच्या काट्यावर टांगा. पाच किलोपेक्षा कमी दाखवलं तर तुमच्या रद्दीतही तेवढंच कमी दाखवणार. भांडायचं नाही, दुसरं दुकान बघायचं.

गठ्ठ्यात बँकेची पत्रं, आधारकार्डाच्या झेरॉक्स निघतात. ती ज्याची त्याला परत द्या. काच, सुया, औषधांच्या पट्ट्या, जुने सेल कोणी देऊ केले तर घेऊ नका, ते घंटागाडीकडे वेगळे जायचे आहेत.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा आहे, सोसायटीतल्या सायकली आणि स्कूटर धुऊन देतो. परवा एकांनी सांगितलं, धुतल्यावर पुढचा ब्रेक लागत नाही. असं का झालं? (पालक, पाथर्डी फाटा)

चकाकी यावी म्हणून त्यानं ब्रेकच्या डिस्कवर (चाकाजवळच्या गोल चकतीवर) पॉलिश किंवा तेल फिरवलं असणार. जवळजवळ नेहमी हेच असतं. ती गाडी मेकॅनिकनं बघेपर्यंत चालवू नका असं मालकांना आजच सांगा. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ होते, पण पॅडनं तेल प्यायलं असेल तर पॅड बदलावे लागतात, आणि तो खर्च मुलाच्या कमाईतून गेला तर पुन्हा चूक होत नाही.

नियम असा : डिस्क, पॅड, ड्रम, टायरचा जमिनीला टेकणारा भाग आणि सायकलच्या रिमची ब्रेक घासणारी पट्टी यांना पाणी आणि साबणाशिवाय काहीही लावायचं नाही. गाडी चालवून आणली असेल तर सायलेन्सर निवायला अर्धा-पाऊण तास थांबायचं. पाइप न वापरता दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. एका स्कूटरला १५ ते २० लिटर पाणी पुरतं आणि सोसायटीची तक्रार येत नाही. फडकं वरून खाली, चाकांचं फडकं वेगळं. नाहीतर चाकातली वाळू गाडीच्या रंगावर ओरखडे काढते.

सायकलच्या साखळीला जुन्या टूथब्रशनं रॉकेलऐवजी डिझेल किंवा डिग्रीझर (तेलकट मळ काढणारं द्रव) लावायचं, पुसून कोरडी करायची, मग प्रत्येक कडीला एक थेंब तेल आणि पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून टाकायचं. पुसलं नाही तर तेलावर धूळ बसून साखळीची पॉलिश पेपरसारखी झीज होते. मोटारसायकलच्या साखळीला त्यानं हात लावू नये. इंजिन चालू ठेवून साखळी पुसताना बोटं जातात.

प्रश्न : पंचवटीत आमचं पूजासाहित्याचं दुकान आहे. १२ वर्षांची मुलगी सुट्टीत गल्ल्यावर बसली तर चालेल का? मेहुणा तिला दिवाळीत फटाक्यांच्या स्टॉलवरही बोलावतोय. (दुकानदार)

दुकान चालेल, स्टॉल नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत घरच्याच, धोका नसलेल्या धंद्यात मदत करता येते. स्फोटक पदार्थांचं काम धोकादायक यादीत आहे, तिथे १८ पूर्ण होईपर्यंत नाही. नात्यातल्या माणसाचा स्टॉल आहे म्हणून फटाक्याची दारू कमी धोकादायक होत नाही.

गल्ल्यावर बसवायचं असेल तर सकाळी सुट्ट्या पैशांची मोजदाद तिच्यासमोर करा, लिहून ठेवा आणि रात्री पुन्हा. फरक पडला तर तिच्यावर यायला नको.

प्रश्न : मुलाला मोबाइलवर "घरबसल्या पेन पॅकिंग, महिना तीस हजार" अशी जाहिरात आली. शिवाय तो यूट्यूबवरून कमवायचं म्हणतो. (पालक, गंगापूर रोड)

पेन पॅकिंग ही फसवणूक आहे. आधी नोंदणीचे पैसे, मग माल पाठवायचे, मग "करार मोडला" म्हणून दंड. काम देणारा कधी पैसे मागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज लागतात, आणि १८ खालच्या मुलाचे पैसे पालकांच्या खात्यातूनच येतात. हौस म्हणून करू द्या. या दिवाळीच्या खर्चात धरू नका.

प्रश्न : मुलीनं ११ व्या वर्षी दीड हजार जमवले. बँकेत तिच्या नावानं खातं निघेल? कर लागतो का? (पालक, सिडको)

निघेल. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल बचत खातं स्वतःच्या सहीनं चालवू शकतं. व्यवहाराची मर्यादा बँक ठरवते. पोस्टातही असं खातं आहे, सुरुवातीला ५०० रुपये भरावे लागतात. जन्मतारखेचा पुरावा, तिचं आणि तुमचं आधार, फोटो घेऊन जा. सही मात्र तिला घरी पाच-सहा वेळा सारखी करून बघू द्या. या वयात दर वेळी वेगळी होते आणि काउंटरवरून स्लिप परत येते.

मुलानं स्वतःच्या श्रमानं किंवा कौशल्यानं मिळवलेली रक्कम पालकांच्या उत्पन्नात धरली जात नाही. खात्यावरचं व्याज मात्र धरलं जातं. दीड हजारावर ते किती होणार, पण पुढे आजोबांनी मोठी ठेव टाकली तर लक्षात असू द्या.